मला जपू नका, मला वापरा

मित्रांनो, मिरजोळ्याला विनोदच्या घरी शोकेसमध्ये प्लॅस्टिकच्या गुलाबांशेजारी पोचे पडलेला एक काळा माईक होता. तोच मी. पाहुणे आले की विनोद ऐटीत सांगायचा, "इटालियन आहे हो, हात नका लावू." आणि खरंच, नऊ वर्षं मला कोणी हात लावला नाही. तुम्ही याला जपणं म्हणत असाल. मी नाही म्हणत.

इटलीतल्या एका कारखान्यात मी जन्मलो आणि तिथून थेट एका प्रवासी जहाजावर गेलो. विनोद तिथे वायरमन होता. रोज संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये माझ्यासमोर दोघं गायची.

एन्झो हा बारी शहरातल्या एका पाववाल्याचा मुलगा. लहानपणी चर्चमध्ये गायचा. मग आठ वर्षं संगीतशाळेत काढली, दोन हंगाम ऑपेराच्या समूहात मागच्या रांगेत उभा राहिला, ते काम सुटल्यावर लग्नांत गायला आणि शेवटी जहाजावर आला. शिक्षणाचा त्याला भारी तोरा. माझ्यापासून हातभर लांब उभा राहायचा, जणू माझी गरजच नाही! मला राग यायचा. पण समोरची माणसं माशाचे काटे काढण्यात गुंग असली, तरी हा गडी जीव ओतून गायचा.

मारिसोल कोलंबियाची. दहाव्या वर्षापासून वडिलांच्या बँडबरोबर गावोगावच्या जत्रांत गायलेली. तिच्याकडे ना पदवी ना प्रमाणपत्र. "लॅटिन गाणी नाचायला ठीक आहेत, इटालियन तुला झेपणार नाही," असं मॅनेजर म्हणाला. तिने एन्झोकडून ऐकून ऐकून दोन इटालियन गाणी उचलली आणि त्याच मॅनेजरसमोर म्हणून दाखवली. त्या दिवशी मला माझ्या जन्माचं सार्थक वाटलं.

पुढे जहाजावर नवी यंत्रं आली. मला टाकून देणार होते, तेव्हा विनोदने मागून घेतलं. घरी आणलं आणि काचेआड कुलूपबंद केलं.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी शमिका समोर येऊन उभी राहिली. एका जहाजावर गायिका हवी होती. शुक्रवारपर्यंत गाण्याचा व्हिडिओ पाठवायचा होता आणि नुसत्या फोनवर रेकॉर्ड केलं की तिचा आवाज फाटत होता.

"बाबा, माईक द्या ना."

"नको गो. मी बघितलंय त्यांचं. एवढं शिकून एन्झो जेवणाऱ्यांपुढे गात होता. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग पुढे काय?"

माझा संताप संताप झाला. पुढे काय, हे याच माणसाला ठाऊक होतं! एन्झो आज बारीत मुलांना गाणं शिकवतो, दर हिवाळ्यात ऑपेरात गातो. मारिसोलचा स्वतःचा बँड आहे. त्यांचे निरोप विनोद याच खोलीत बसून ऐकतो. पण मी बोलणार कसा? शमिकाच बोलली.

"तुम्ही पण सहा-सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवरच चौदा वर्षं गेलात ना? तुम्ही गेलात तर ती नोकरी, आणि मी गेले तर फुकट? तुम्हाला कोणी विचारलेलं, पुढे काय म्हणून?"

"मी विचारलेलं," स्वयंपाकघरातून तिची आई नम्रता म्हणाली. "तेव्हा काय म्हणालात, आठवतंय? गेल्याशिवाय कळणार कसं!"

विनोद उठला. त्याने कुलूप उघडून मला बाहेर काढलं, चष्मा लावून माझी तुटलेली तार जोडली आणि मला शमिकाच्या हातात दिलं.

"खणखणीत गा," तो म्हणाला. "आवाज चोरू नको."

ती गायली. व्हिडिओ गेला. उत्तर अजून आलेलं नाही आणि आम्ही दोघं त्यासाठी अडून बसलेलो नाही. रोज संध्याकाळी गातो.

मित्रांनो, मला मखमल नको, कौतुक नको. मी हातातून पडलो तरी चालेल, मला आणखी चार पोचे आले तरी चालतील. तुमच्या घरात कोणी गाणारं असेल, तर त्याला "पुढे काय?" असं जरूर विचारा. पण आधी त्याचं गाणं पुरं होऊ द्या.