मिठाच्या चौकीवर थांबणारं तट्टू

मी एक म्हातारं तट्टू आहे. घोडा म्हणू नका हं, मित्रांनो. घोडा म्हटलं की डोळ्यांसमोर सरदार येतो, तलवार येते, गेला बाजार नवरदेव तरी येतो. माझ्या पाठीवर यांतलं कुणी कधी बसलं नाही. आधी मीठ बसलं आणि मग एक मुलगा. त्या दोघांत मीठ जड होतं, पण माझा जीव मुलावर जडला.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. कळू लागलं तेव्हा मी दिवा गावच्या काळुरामकडे होतो. खाडीकाठी त्याचं मिठागर होतं. उन्हाळाभर तो खारं पाणी आटवून मीठ पिकवायचा, गोण्यांत भरायचा आणि माझ्या पाठीवरून कल्याणच्या बाजाराला न्यायचा. तेव्हा मीठ म्हणजे साधी गोष्ट नव्हती, त्यावर सरकारचा कर होता. ठाकुर्लीच्या पुढे ओढा ओलांडला की मिठाची चौकी लागे. तिथे थांबायचं, शिपायानं परवाना बघायचा, गोण्या मोजायच्या आणि शेवटच्या गोणीवर थाप मारायची. थाप बसली की आपण सुटलो. लहानपणी एकदा मी थापेआधीच पुढे निघालो, तर काळुरामला दंड झाला आणि मला चाबूक बसला. तेव्हापासून आभाळ कोसळलं तरी थापेशिवाय मी चौकी ओलांडली नाही. लोक याला खोड म्हणत. मी शिस्त म्हणतो.

पुढे काळुरामनं बैलगाडी घेतली आणि मला गिऱ्हाईक शोधू लागला. ते मिळालं डोंबिवलीत. लक्ष्मीबाई त्यांचं नाव. त्यांचे यजमान शाळामास्तर होते, ते वारले होते. मागे हा एकुलता एक मुलगा, गुरुदत्त. अठरा वर्षांचा, काडीसारखा, आणि गावात मॅट्रिक झालेला पहिलाच. त्याला मुंबईच्या कॉलेजात शिकायचं होतं. तेव्हा डोंबिवलीला स्टेशन नव्हतं. आगगाडी गावाशेजारून शिट्टी मारत जायची, थांबायची मात्र नाही. गाडी धरायची तर कल्याण गाठावं लागे.

सौद्याच्या दिवशी मी अंगणात बांधलेला होतो, म्हणून सगळं कानांनी ऐकलं. लक्ष्मीबाईंनी ओटीवर चिंचोक्यांचे दोन ढीग मांडले होते.

"हा मुंबईचा ढीग," त्या म्हणाल्या. "खोलीचं भाडं, दिव्याचं तेल, धोबी. आणि हा घरून जाण्याचा. गवत, हरभरा, नाल, गाडीचा पास."

गुरूने दोन्ही ढीग मोजले. "आई, मुंबईच स्वस्त पडते. जेवायला वार लावले की जेवणाचा खर्चच नाही."

वार लावणं तुम्हाला ठाऊक नसेल, मित्रांनो. गरीब विद्यार्थ्याला सात घरं वाटून जेवायला घालत. सोमवारी एका घरी पान, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरायचा. कितीतरी मोठी माणसं तशी शिकली. पण लक्ष्मीबाईंनी मूठभर चिंचोके उचलले आणि मुंबईच्या ढिगावर ओतले.

"हे कशाचे?" गुरूने विचारलं.

"सात उंबऱ्यांवर पानाची वाट बघत बसायचे. मास्तरांच्या मुलाने दारोदार जेवायचं नाही. तट्टू घ्यायचं, आणि रात्री घरचं गरम जेवायचं."

तिथेच सौदा ठरला. काळुरामनं माझा कासरा गुरूच्या हातात दिला. "गुनाचा हाय, वहिनीबाय. फकस्त मिठाचे चवकीवर त्याचे पाठीवर थाप मारा. त्याबिगर नाय हलायचा, लाटसाहेब आला तरी." सगळे हसले. मी हसलो नाही. कामाच्या गोष्टीत हसण्यासारखं काय असतं?

मग आमचा नेम सुरू झाला. पहाटे चारला लक्ष्मीबाई मला भिजवलेला हरभरा घालायच्या आणि गुरूला भाकरी बांधून द्यायच्या. खाचरांच्या बांधांवरून आम्ही निघायचो. चौकीवर मी थांबायचो, गुरू थाप मारायचा, आम्ही पुढे. कल्याणला स्टेशनाजवळच्या गवतवालीकडे मी दिवसभर उभा असे. दिवेलागणीनंतर गुरू गाडीतून उतरायचा की त्याच वाटेने घरी. गावात माझी ऐट वाढली. बायका मुलांना दाखवायच्या, "ते बघ, कॉलेजात जाणारं तट्टू." खोटं कशाला बोलू, मान जरा ताठच व्हायची.

पहिले दोन महिने गुरू माझ्या पाठीवर पाठांतर करायचा. मग त्याचं पाठांतर अर्ध्यातच तुटू लागलं. रात्री अकरापर्यंत अभ्यास आणि पहाटे चारला उठणं, अठरा वर्षांचं पोर ते! ठाकुर्ली यायच्या आत त्याचं डोकं माझ्या मानेवर टेकायचं. दोन्ही हात गळ्यात. त्याचा श्वास माझ्या आयाळीत लागायचा आणि मी पावलं हळू टाकायचो. मला ते फार आवडायचं, हे कबूल करतो. आणि त्यातच माझी चूक झाली. कारण मला त्याची गाढ झोप दिसत होती, पण ती कुठून उसनी आणली आहे हे दिसत नव्हतं.

चौकीवर नाथा नावाचा म्हातारा शिपाई होता. गुरू झोपलेला दिसला की तोच येऊन माझ्या पाठीवर थाप मारायचा. "जा रं बाबा, पोराला उठवू नगंस." असे आठ महिने गेले. गुरूने हे आईला सांगितलं नाही, तिला वाईट वाटेल म्हणून. नाथाने कुणाला सांगितलं नाही, त्यात सांगण्यासारखं काय म्हणून. आणि लक्ष्मीबाईंनी विचारलं नाही. मुलगा रात्री घरी जेवतो, एवढ्यावर त्या सुखी होत्या.

मग परीक्षेचा दिवस आला. पहिल्या वर्षाची मोठी परीक्षा होती. एक पेपर चुकला की सारं वर्ष पाण्यात. मास्तरांनी मागे ठेवलेलं होतं नव्हतं ते त्या वर्षाच्या फीत गेलं होतं, आणि लक्ष्मीबाई रोज देवापुढे तेवढंच मागत होत्या. आदल्या रात्री गुरू निजलाच नाही. पहाटे त्यांनी त्याच्या हातावर दही घातलं. आम्ही निघालो आणि वेस ओलांडायच्या आत तो माझ्या मानेवर झोपला.

मी चौकीवर थांबलो. चौकीचं दार बंद होतं, नाथा दोन दिवस गावी गेला होता. मी वाट पाहिली. थाप आली नाही. पूर्वेला फटफटलं, बगळे खाचरात उतरले, तरी मी दगडासारखा उभा. मला वाटत होतं, आपण किती शहाण्यासारखं वागतोय. मग लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि गुरू दचकून जागा झाला. त्याने सूर्याकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मला वाटलं, आता मारतो. त्याने मारलं नाही. माझ्या मानेवर कपाळ टेकून तो म्हणाला, "तुझं काय चुकलं रे? तुला शिकवलं तसंच तू केलंस." मग त्याने थाप मारली आणि मी जीव खाऊन धावलो. इतका आयुष्यात कधी धावलो नव्हतो. दुसरी गाडी मिळाली, पण तो मुंबईला पोचेपर्यंत परीक्षेचं दार लागलं होतं.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. लक्ष्मीबाईंनी कोपऱ्यातली काठी उचलली आणि तडक माझ्याकडे आल्या. "या मेल्या जनावरानं माझ्या पोराचं वर्ष खाल्लं." गुरू मध्ये उभा राहिला.

"आई, तो थांबला कारण मी झोपलो होतो. आठ महिने मी झोपूनच जातोय. कॉलेजातही डोळे मिटतात. रोज तो नाथा थाप मारायचा, म्हणून पोचत होतो."

काठी खाली आली. लक्ष्मीबाई ओटीच्या पायरीवर बसल्या. 

"मी हिशेबात गवत धरलं, हरभरा धरला," त्या म्हणाल्या. "तुझी झोप धरलीच नाही. आणि खरं सांगू का, गुरू? ती सात दारांची लाज बापाच्या नावासाठी नव्हती. तू गेलास की या घरात मी एकटीने कसं जेवायचं, एवढीच भीती होती मला."

गुरू त्यांच्या शेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडला. त्याही रडल्या. मी हरभऱ्याला तोंड लावलं नाही.

गुरू मुंबईला गेला. सात घरी सात वार लागले. आता प्रश्न पुन्हा भरायच्या फीचा आणि खोलीच्या भाड्याचा होता. मला विकतील असं वाटून मी घाबरलो होतो, पण काळुरामनं वाट काढली. त्याच्या मिठागरावरची माणसं, सासरी निघालेल्या पोरी, कल्याणच्या वैद्याकडे जाणारे आजारी लोक मला भाड्याने नेऊ लागले. 'भाड्याचं तट्टू' ही लोकांची शिवी आहे ना, मित्रांनो? मी ते झालो. गुरूची फी माझ्या पाठीवरून गेली, आणि मला त्याचा अभिमान आहे.

शनिवारी मात्र मी कुणालाच मिळत नसे. शनिवारी काळुराम मला कल्याणला न्यायचा आणि गुरू माझ्यावर बसून घरी यायचा. पहिल्या शनिवारी लक्ष्मीबाईंनी भीत भीत विचारलं, "लोक नीट वाढतात का रे?" गुरूने पिशवीतून एक पुरचुंडी काढली. मंगळवारच्या घरच्या सखुबाईंनी ती दिली होती. आत दोन बेसनाचे लाडू होते. "त्या म्हणाल्या, तुझ्या आईला सांग, मंगळवारी तुझ्या पानाला मी असते, तिनेही पोटभर जेवावं." लक्ष्मीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. एक लाडू त्यांनी गुरूसमोर बसून खाल्ला. दुसरा मला आणून दिला आणि माझ्या कपाळावरून हात फिरवत उभ्या राहिल्या.

पुढच्या वर्षी गुरू पास झाला. आज माझे गुडघे दुखतात, पण गोठा कोरडा आहे आणि वैरण वेळेवर येते. म्हणून एकच मागणं मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणीतरी पहाटे उठून लांब जात असेल, आणि कुणीतरी त्याला नेत असेल. जाणाऱ्याला विचारा, झोप झाली का? नेणाऱ्यालाही विचारा, पाठ दुखते का? आठ महिने त्याचं डोकं माझ्या मानेवर होतं आणि मला त्याला विचारता आलं नाही. तुम्हाला तर बोलता येतं.