झाकणाआधी बटण

प्रकाशनाच्या संपादिकेचा सकाळी फोन आला. "काका, मुखपृष्ठ आज पाचला छपाईला जातंय. मागच्या बाजूला तुमचा परिचय हवाय. आठ-दहा ओळी. लेखक म्हणून कसे घडलात, एवढंच."

एवढंच. एकाहत्तराव्या वर्षी माझं पहिलं पुस्तक येत होतं. अकरा कथा लिहून झाल्या, पण या दहा ओळींनी घाम फोडला. दुपारपर्यंत कसंबसं खरडलं: 'बालपणापासूनच साहित्याचे संस्कार, अखंड शब्दसाधना...' बायकोला वाचून दाखवलं.

"हे गृहस्थ कोण?" ती म्हणाली. "मला कधी भेटले नाहीत."

मी संपादिकेला फोन लावला. फोनवर माझी बोबडी वळते, म्हणून बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं. "मॅडम, पुस्तक राहू द्या. ज्याला स्वतःबद्दल दहा ओळी धड लिहिता येत नाहीत, त्याचं पुस्तक कोण वाचणार?"

"काका, तुम्ही नोकरीत काय करत होता?"

"तसं... लेखनाशी संबंधितच."

"मिक्सरच्या खोक्यात कागद असतो ना, तो लिहायचे," बायको फोनमध्ये ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली. "आणि ते झाकणाचं सांगा की."

आता सांगणं भाग होतं. कारखान्यातलं माझं पहिलंच माहितीपत्रक. पाचवी पायरी: बटण चालू करा. सहावी पायरी: झाकण घट्ट बसवा. ते तसंच छापून खोक्यांत गेलं. बहुतेकांनी स्वतःची अक्कल वापरली. एका बाईंनी मात्र माझ्यावर विश्वास ठेवला. साहेबांनी मला माफी मागायला त्यांच्या घरी धाडलं. टोमॅटो छतापर्यंत पोचला होता. मी मान खाली घालून उभा.

बाई रागावल्या नाहीत. स्टूल पुढे सरकवून म्हणाल्या, "बसा. तुम्ही वाचा, मी करते."

मी वाचत गेलो, त्या करत गेल्या. पाचव्या पायरीला त्यांचं बोट बटणाकडे निघालं आणि मीच स्टुलावरून उठून त्यांचा हात धरला. आपण लिहितो त्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला एक खराखुरा हात असतो, हे मला त्या स्वयंपाकघरात कळलं. इतकी पुस्तकं वाचून कळलं नव्हतं.

लग्न झाल्यावर प्रत्येक पत्रक आधी बायकोला वाचून दाखवायला लागलो. अट एकच, लिहिलंय तेवढंच करायचं, पदरचं काही घालायचं नाही. पुढे कथाही तशाच वाचल्या. कळेनासं झालं की ती हात वर करते. पहिल्या कथेत तो खाली आलाच नाही.

"काका, हेच लिहा," संपादिका म्हणाली.

"लोक हसतील."

"हसू देत."

मी फोन ठेवला. "हसले तर हसले," बायको म्हणाली. "या खेपेला कुणाला भिंत तर पुसावी लागणार नाही."

साडेचारला लिहून झालं. वाचायला लागलो, तर तिसऱ्याच ओळीला तिचा हात वर.

"आता काय?"

"'पत्नीचे मोलाचे सहकार्य' म्हणजे नेमकं काय केलं मी?"

"ऐकलंस."

"मग तसं लिहा."

ते खोडून 'बायको ऐकते' असं लिहिलं. दोन शब्द, पण लिहिताना कान तापले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी तिचे दोन्ही हात शेवटपर्यंत मांडीवरच होते.

"पाठवू?"

"मला काय विचारता? पुस्तक तुमचं आहे."

पाच वाजायला सात मिनिटं होती. पाठवून दिलं. पुस्तक मागे घ्यायचं तेवढं त्या गडबडीत राहून गेलं.