आप्पांची दाढी

या रस्त्यावरचे निम्मे गाल माझ्या वस्तऱ्याखालून जातात. डॉक्टर येतात, हेडमास्तर येतात, समोरचा म्हातारा शिंपी तर दुसऱ्या कोणाला गालाला हात लावू देत नाही. फक्त माझा सख्खा बाप मला लावू देत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काय उगीच?

आप्पांना हिवाळ्यात झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं तुकड्यांवर आलं. दुकानामागच्या खोलीत त्यांची खाट टाकली. अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं मी आणि बायको करतो आणि ते निमूट करून घेतात. मी वस्तरा काढला की मात्र डावा हात आडवा. "धाकटा," म्हणतात. बाकी शब्द अडखळतात, हा एक कसा स्वच्छ येतो, देव जाणे.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. दूरच्या शहरात मोबाइलच्या दुकानात नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की पिशवीभर फळं आणि पोतंभर सल्ले घेऊन येतो. त्यालाही आप्पांनी धंदा शिकवायला घेतला होता, पण पठ्ठ्या अर्ध्यावर पळाला. त्याच्या हातात वस्तरा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आणि आप्पा त्याच्यापुढे हनुवटी वर करून डोळे मिटतात! तो इथे कापतो, तिथे कापतो, तुरटी फिरवतो, "चुकलं हं, आप्पा," म्हणतो, आणि आप्पा अर्ध्या तोंडाने हसतात. माझ्या अंगाचा तिळपापड होतो. कूस बदलणारे हात माझे आणि हसू त्याला!

त्यातच हा उन्हाळा आला. असला उन्हाळा आप्पांच्या उभ्या हयातीत झाला नसेल. डांबर चपलांना चिकटायचं, टाकीतलं पाणी हात भाजायचं, आणि ऐन दुपारी वीज जायची. गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस वस्तरा पोहोचेपर्यंत वाळायचा. मी उजाडताच दुकान उघडायचो आणि ऊन चढलं की शटर ओढून आप्पांपाशी ओला पंचा घेऊन बसायचो. तरी व्हायचं ते झालंच. वाढलेल्या दाढीखाली घामोळं उठलं, त्याचे फोड झाले, फोडांना पाणी सुटलं.

डॉक्टरांनी मान इकडेतिकडे वळवून पाहिलं. "आजच्या आज दाढी काढ. यांना साखर आहे. हे चिघळलं तर या उन्हात निभावणं कठीण."

मी धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, "रूळ तापलेत म्हणून गाड्या बंद केल्यात, दादा. तूच कर ना. तुझ्यासारखा हात कोणाचा आहे?"

असं गोड बोललं की मला आणखी झोंबतं. मी वाटीत फेस केला, वस्तरा धुतला, खाटेशी बसलो. डावा हात आडवा आला. "धाकटा."

माझा तोल गेला. "नाही येत तुमचा धाकटा! रात्रंदिवस मी उशाशी, आणि नाव त्याचं? मी काय तुमचा गळा कापणार आहे?"

बायकोने माझा दंड धरला. आवाज ऐकून समोरचा शिंपी आत आला. आप्पांचा बालपणीचा दोस्त तो, त्याला कुठेच मज्जाव नाही. काय चाललंय ते त्याने विचारलं आणि ऐकून तो हसू लागला. मला तर त्याचीच हजामत करावीशी वाटली.

"अरे, तू शिकत होतास तेव्हाचे याचे गाल आठवतात का?" तो म्हणाला. "रोज मांजराने ओरबाडल्यासारखे. मी म्हणायचो, पोराला मडक्यावर शिकव. तर हा म्हणे, मडक्याला दुखत नाही, मग पोराला कळणार कसं?"

आठवतात तर. आमच्या घरात वस्तरा बापाच्या गालावर शिकायचा, गिऱ्हाइकाच्या नाही. प्रत्येक ओरखड्यानंतर आप्पा तुरटी लावायचे आणि म्हणायचे, "उद्या परत." मग एके दिवशी एकही ओरखडा उठला नाही. त्यांनी आरशात गाल फिरवून पाहिले, "बसला हात," म्हणाले, खुर्चीतून उठले, आणि त्यानंतर ते माझ्यासमोर कधी बसलेच नाहीत. तेव्हा मी ती गोष्ट मिरवत हिंडलो होतो.

मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी डाव्या हाताचं बोट माझ्याकडे केलं. "तुझा... बसला." मग दाराकडे. "धाकटा... कच्चा."

म्हणजे हे असं होतं! माझा मत्सर यावर विरघळला असेल असं कोणाला वाटत असेल, तर तसं काही झालं नाही. उलट वाढला. तो गाढव राहिला म्हणून त्याला बाप मिळत होता, आणि मी शिकलो म्हणून माझा सुटला होता.

वस्तरा उचलला तर हात थरथरत होता. रागाने म्हणा, उकाड्याने म्हणा. वीस वर्षांत असा थरथरला नव्हता. मी तो तसाच त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"बघा आप्पा. कच्चाच आहे अजून."

त्यांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं. मग आडवा हात खाली घेतला, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले.

फोड चुकवत चुकवत मी दाढी उतरवली. सगळं निभावलं, पण कानाखाली, जिथे एकही फोड नव्हता, तिथे लागलंच. रक्ताचा बारीक थेंब आला. मी घाबरून तुरटी लावली. आप्पा अर्ध्या तोंडाने हसले.

"उद्या... परत."

शिंप्यासमोर रडायला नको म्हणून मी वाटी धुवायला बाहेर गेलो.

फोड सुकत आले तेव्हा धाकट्याचा फोन आला. "दादा, गाड्या सुरू झाल्यात. येऊ का दाढीला?"

"कशाला उन्हाचा तडफडत येतोस?" मी म्हणालो. "आधी माझा हात बसू दे."