सशाचा गळपट्टा

रोदिओनने पायाची बोटं दांडीखाली अडकवली, अंग आडवं केलं आणि हवा ओढणाऱ्या जाळीवर व्हॅक्यूमची नळी टेकवली. शनिवार म्हणजे साफसफाई. अंतराळस्थानकात हातून सुटलेली वस्तू खाली पडत नाही. वाट्टेल तिकडे भटकते आणि कधी ना कधी हवेच्या ओढीने एखाद्या जाळीला येऊन चिकटते. आज एक स्क्रू मिळाला, वॉरनची पेन्सिल मिळाली, करड्या धुळीत गुरफटलेला बदामाचा तुकडाही मिळाला. ससा मात्र नाही.

"काय, गवसला का?" मागून वॉरन तरंगत आला. तो कमांडर, टेक्सासचा, आणि कुणाची तरी टर उडवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

"नाही."

"दोनदा पृथ्वी सोडून आलेला माणूस, आणि लोकरीच्या सशापायी जीव टांगणीला!"

"तुझी पेन्सिल घे आणि सूट इथून."

उड्डाणाच्या वेळी यानात दोरीने एक खेळणं टांगायचं. दोरी सैल पडून ते तरंगायला लागलं की समजायचं, पोचलो, ही रशियन मंडळींची जुनी रीत. खेळणं ठरवतं ते घरातलं पोर. रोदिओनची सात वर्षांची अल्योना आईकडून टाके शिकली, तिने पांढरा ससा विणला. एक कान लांब झाला, एक आखूड. गळ्यात तांबडा गळपट्टा बांधून तिने बापाला दम भरला होता, "येताना पण टांगायचा हं, पापा. दोघांनी मिळूनच घरी यायचं." बापाने कबूल केलं होतं. आता सोमवारी परतायचं होतं, आणि मंगळवारपासून ससा त्याच्या झोपायच्या कप्प्यातून नाहीसा झाला होता.

ग्लेनिस रोज कामं उरकून त्याच्याबरोबर शोधायची. ती डॉक्टर, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडची, आणि ही तिची पहिलीच खेप. तिचे अजून चार महिने बाकी होते. दीड महिन्यापूर्वी तिचे वडील गेले. इथून असं मधेच कुणाला उतरता येत नाही. तिने अंत्यविधी पडद्यावर पाहिला आणि तासाभराने सगळ्यांच्या रक्ताचे नमुने घ्यायला हजर झाली. रोदिओनला तिची फार कणव आली होती, पण धड दोन शब्द सुचेनात. त्याने नुसता ससा तिच्या हातात दिला होता.

तिने तो नाकाशी नेला होता. "धुराचा वास आहे याला."

"आमच्याकडे लोकर चुलीवर वाळत घालतात. बर्चचं लाकूड जळतं ना, त्याचा."

"बाबांच्या स्वेटरला असाच यायचा," एवढंच म्हणून तिने ससा परत केला होता. इथे सगळ्याला तापलेल्या प्लास्टिकचा आणि ओल्या टॉवेलांचा वास.

आता ती जेवणाचं टेबल पुसत होती. रोदिओन नळी गुंडाळत म्हणाला, "दुपारी अल्योना पडद्यावर बोलायला येईल. सांगून टाकतो तिला, हरवला म्हणून."

ग्लेनिसचा हात थांबला.

"रडेल का रे?"

"आधी रडेल. मग वर्षभर ऐकवेल."

"थांब जरा. भांडाराच्या मागची जाळी राहिली आहे. बघून येते."

ती गेली ती दहा मिनिटांनी आली, मूठ छातीशी धरून. "हा घे. तिथेच होता, जाळीला चिकटलेला." बोलताना ती वॉरन तिथेच विसरून गेलेल्या पेन्सिलीकडे पाहत होती.

रोदिओनने ससा हातात घेतला. भांडारामागची जाळी तीन आठवड्यांत कुणी साफ केली नव्हती. तिथून साधा बदाम जरी आला असता तरी करड्या धुळीने माखून आला असता. ससा पांढराशुभ्र होता. एक तूसही चिकटलेलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं आणि वर पाहिलं. ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी होतं. इथे ते गालावर ओघळत नाही, डोळ्यावरच गोळा होऊन राहतं, त्यामुळे लपवायची सोय नाही.

त्याने टॉवेल पुढे केला.

"त्या बाजूला धूळ फार," तो म्हणाला. "डोळ्यात गेली वाटतं."

तिने मान हलवली आणि बराच वेळ डोळे टिपत राहिली.

सोमवारी निघायच्या आधी तो दोन मिनिटं तिच्या कप्प्यापाशी गेला. मग गळाभेटी झाल्या, वॉरनने शेवटची टर उडवून घेतली, दार बंद झालं. उतरताना यान हादरू लागलं, छातीवर वजन चढलं, आणि डोक्यावरची दोरी हळूहळू ताठ झाली. टोकाला ससा लोंबत होता. त्याची मान उघडी होती.

चार दिवसांनी अल्योना बापाच्या मांडीवर बसली. तिने आधी कान तपासले, मग शेपूट.

"पापा, गळपट्टा कुठंय?"

"वर ठेवला. तिथे एक मावशी आहे, तिला थंडी वाजते."

अल्योनाने आपली करंगळी त्या उघड्या मानेभोवती फिरवून पाहिली.

"पण पापा, एवढासा तो. मोठ्या माणसाला कसा पुरणार?"

"पुरतो गं," रोदिओन म्हणाला, आणि त्याने लेकीच्या केसांत तोंड लपवलं. केसांना धुराचा वास होता.