उजव्या खांद्याचा मान

कान्हाने नकाशावर अंगठा टेकवला आणि अख्खा देश झाकला गेला.

"आजोबा, अंगठा काढा ना," मनस्वी म्हणाली. "तुम्ही राजधानीवरच बसलाय."

कान्हाने अंगठा उचलला. निळ्या कागदावर तिळाएवढा ठिपका पुन्हा दिसायला लागला. त्याला डॉमिनिका म्हणायचं, आणि त्याच समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिकशी त्याचा घोळ करायचा नाही, हे नात त्याला आठवडाभर बजावत होती. शिकवायला बसली की ती पक्की मास्तरीण व्हायची. कान्हाला त्याचं कौतुक होतं, पण दुपारची जेवणं झाल्यावर डोळे मिटायला लागायचे आणि मग रोझो नावाची ती राजधानी डोक्यात शिरायची तशीच बाहेर पडायची.

"राज्य कोण करतं?"

"पंतप्रधान. वरती राष्ट्रपती. राजा-रानी नाय."

"आणि संसद?"

"एकच घर. निवडून आलेले आन नेमलेले सगले एकाच खोलीत." कान्हाने चष्मा वर सारला. "बरा हाय. भांडान झाला तर शोधत फिराया नको."

मनस्वी हसली. पलीकडे सुकट निवडत बसलेली कान्हाची बायको काशीसुद्धा हसली. ही सुकट ती गेले काही दिवस जरा जास्तच निवडत होती. उन्हात दोनदा वाळवून बरणीत भरायची, वर फडकं बांधायचं. परक्या मुलखात काय मिळेल, काय नाही, कोणी सांगावं?

हे सगळं सुरू झालं ते दिवाळीत. मुलगा मितेश नेरूळच्या टॉवरमधून आई-वडिलांना भेटायला गावात आला होता. जुईनगर स्टेशनच्या अलीकडे, इमारतींच्या मधोमध जे चार-दोन आळ्यांचं गाव उरलंय, तिथे कान्हा अजून जुन्या घरात राहत होता. मितेश बिल्डर झाला, मोठा झाला, वडिलांसाठी खाडी दिसेल असा फ्लॅट राखून ठेवला, पण कान्हा वेस ओलांडायला तयार नव्हता. त्या दिवशी मितेशने उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"बाबा, पैसे भरून आपल्या सगळ्यांचं एका बाहेरच्या देशाचं नागरिकत्व करतोय. तुमचं आणि आईचं पण. ते लोक स्क्रीनवर थोडे प्रश्न विचारतील. मनू तयारी करून घेईल. टेन्शन घेऊ नका."

"मंग हितला?" कान्हाने विचारलं.

"इथलं सोडावं लागतं. आपल्याला दोन्ही ठेवता येत नाही."

तेवढ्यात मितेशचा फोन वाजला. मितेशशी कुठलंही बोलणं फोन वाजेपर्यंतच होत असे, त्यामुळे हेही तेवढंच झालं.

दुसरा कोणी बाप असता तर त्याने त्याच दिवशी घर डोक्यावर घेतलं असतं. कान्हाने घेतलं नाही, कारण तो दमला होता. नुसता वयाने नव्हे. शहर आलं, भातखाचरं गेली, मिठागरं गेली, आणि त्याची उमेदीची सगळी वर्षं गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी बेलापूरच्या कचेऱ्यांमध्ये आपण म्हणजे आपणच आहोत हे पटवून देण्यात गेली. या खिडकीवरून त्या खिडकीवर. साहेब जेवायला गेलेत, साहेब बदललेत, नवे साहेब म्हणतात पुन्हा सांगा. शेवटी मिळायचं ते मिळालं, पण तोवर कोणाशी हुज्जत घालायचं बळच माणसात उरलं नव्हतं.

"पोरगा नेतोय तर जाव," काशी ओट्यावर पाय चोळत म्हणाली होती. "नातीला सोडून हितं कोनाचा तोंड बघायचा? माजं गुडघं काय हितं दुखतान, तिथंबी दुखतील."

जायचं तर जायचं. एकच गोष्ट कान्हाच्या घशाखाली उतरत नव्हती. पालखी.

गावदेवीच्या जत्रेत पालखी निघते, तेव्हा पुढच्या दांड्याखालचा उजवा खांदा कान्हाच्या घराचा. आजोबांचा होता, बापाचा होता, मग त्याचा. तिथे जन्मभराचा घट्टा पडला होता, सदरा काढला की दिसायचा. त्या मानाची अट एकच होती. मानकरी वेशीच्या आत राहणारा हवा. जो वेस सोडेल त्याने जायच्या आधी देवीसमोर नारळ ठेवून मान भाऊबंदांत दुसऱ्याच्या हाती द्यायचा. एकदा नारळ दिला की दिला, तो परत मागायचा नसतो. खाडी दिसणारा तो फ्लॅट इतकी वर्षं रिकामा पडून होता तो या अटीपायी. मितेशला वाटायचं, म्हाताऱ्याला लिफ्टची भीती वाटते.

तर जत्रेची बैठक भरली, तेव्हा कान्हा कोणाला न सांगता नारळ घेऊन गेला. भाऊबंदांत जवळचा म्हणजे चुलतभाऊ विलास. याच खांद्यावरून दोघांच्या बापांनी एकेकाळी एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं होतं. कान्हाने नारळ पुढे केला, तेव्हा विलासला आधी वाटलं की थट्टा चाललीय.

"कान्हा, बरा हायस ना?"

"देश सोडून चाललोय," कान्हा म्हणाला. "घे."

विलासने दोन्ही हातांनी नारळ घेतला.  देवळाच्या पायरीवर बसून चपला घालताना कान्हाला त्या घालता येईनात, तेव्हा विलासनेच वाकून त्या पायांपुढे सरकवल्या. घरी येऊन कान्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.  काय झालं ते काशीला न सांगताच कळलं.

त्यानंतर मात्र कान्हा मन लावून शिकला. सगळं सोडूनच जायचं, तर जिथे जायचं तिथली माहिती तरी नीट हवी. डोंगर ज्वालामुखीचे, एका तळ्यातलं पाणी कायम उकळतं, नद्या मोजता मोजता दमायला होईल इतक्या. अख्ख्या देशात माणसं सत्तर हजारांच्या आसपास. मनस्वीने सांगितलं की नावसुद्धा गमतीचं आहे. रविवारच्या दिवशी कोलंबसाची जहाजं त्या बेटासमोर आली, उतरायला जागा मिळेना म्हणून तशीच पुढे गेली, आणि जाता जाता तो बेटाला रविवारचं नाव देऊन गेला.

"उतरलाच नाय?"

"नाही. पण नाव राहिलं."

"आन तिथं कोन राहत नव्हता?"

"राहत होते ना. कलिनागो म्हणतात त्यांना. अजूनही आहेत. त्यांनी बेटाला वेगळं नाव ठेवलेलं, म्हणजे उंच अंगाची अशी काहीतरी बाई. आता त्यांचा एक भाग राखून ठेवलाय. तिथली जमीन सगळ्यांची मिळून असते, आजोबा. कोणा एकाला विकताच येत नाही."

"विकताच येत नाय?"

"नाही."

 कान्हाने चष्मा काढून पुसला आणि तो ठिपका पुन्हा शोधला. त्याला त्या उंच अंगाच्या बाईविषयी पहिल्यांदाच जरा ओढ वाटली. तीही कोणाची तरी गावदेवीच असणार.

प्रश्नांचा दिवस आला. बेलापूरच्या ऑफिसात मितेशने वडिलांना स्क्रीनसमोर खुर्ची दिली, कॉलर नीट केली आणि स्वतः काचेपलीकडे जाऊन उभा राहिला. स्क्रीनवर एक सावळी, पोक्त बाई होती, आणि दुसऱ्या चौकटीत मराठी-इंग्रजी सांगणारा एक दुभाषी. बाईच्या मागच्या खिडकीत हिरवा डोंगर दिसत होता. कान्हाने हात जोडले. बाईने मान लववली.

राजधानी झाली, पंतप्रधान झाले, संसद झाली. मग बाईने विचारलं, आमच्याकडे येऊन तुम्ही काय कराल?

हे मनस्वीने शिकवलं नव्हतं.

"मी खाडीवरचा मानूस हाय," कान्हा सावकाश म्हणाला. "मीठ पिकवलाय, भात लावलाय. तुमच्याकडं वादल येतं असा नातीनं सांगितलाय. आमी बांध घालनारी मानसं. घराच्या मागं जागा असली तर भाजी लावीन. बायकोचं गुडघं दुखतान, तर घर चढावर नको. एवढाच."

दुभाषी बोलत होता तोवर बाई स्क्रीनकडे बघत राहिली. मग तिने विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का?

"हाव." मान डोलावत कान्हा खुर्चीत पुढे सरकला. "तुमच्या वेशीवर कोन राखनदार हाय? आमच्यात नव्या जागी पाय ठेवायच्या आधी त्याला नारल देतात. आमी आलेलो हाव, आमाला संबाल, असा सांगायचा. तर तो नारल कोनाला द्यायचा?"

दुभाष्याला हे सांगायला जरा वेळ लागला. बाईने हातातलं पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, माझी आजी पूर्व किनाऱ्यावरची, कलिनागोंपैकी. हे तिला विचारायला हवं होतं, पण ती आता नाही. तुम्ही आलात की मला सांगा. मी तुम्हाला तिच्या गावी नेईन, तिथे विचारू.

"येऊन सांगतो," कान्हा म्हणाला.

खाली गाडीत बसल्यावर मितेशचा आनंद मावत नव्हता. त्याने स्वतः एसीची झडप वडिलांकडे वळवली.

"बाबा, काय बोललात! तो अभय, आपला कन्सल्टंट, तो म्हणाला असा इंटरव्ह्यू त्याने आजवर बघितला नाही. भाजी काय, नारळ काय! वाटलं खरंच चाललात राहायला."

कान्हाने त्याच्याकडे पाहिलं.

"म्हंजे?"

"म्हणजे काय?"

"जायचा नाय?"

मितेशने आधी हसून घेतलं. मग वडिलांच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू मावळलं. "बाबा, तिथे कोण जातंय राहायला? अहो, पासपोर्ट चांगला असतो त्यांचा. व्हिसाची कटकट जाते, मनूच्या शिक्षणाला बरं. आपण इथेच. तुमचं घर, तुमचं गाव, काही बदलत नाही. तिकडे एकदा सुट्टीत जाऊन आलो तर आलो."

सिग्नल लागला. शेजारून रिक्षावाला उगाच हॉर्न वाजवत होता.

"मंग त्यांचा गाव आपन कशाला घेतो?" कान्हाने विचारलं.

"गाव नाही हो. पासपोर्ट."

नारळाचं सांगावं, असं कान्हाच्या ओठांवर आलं होतं. पोराला काय, तो आत्ता गाडी देवळाकडे वळवेल, विलासला चार शब्द सुनावेल, आणि नारळ परत आणल्यासारखं करून दाखवेल. त्या विचारानेच कान्हाला शरम वाटली. पोराची चूक म्हणावी तर त्याने खोटं असं काही सांगितलं नव्हतं, आणि आपण धड काही विचारलं नव्हतं. मितेशचा फोन वाजला. कान्हाने खिडकीबाहेर तोंड वळवलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"मला देवलापाशी सोड," तो म्हणाला.

देवळाच्या पटांगणात पालखी बाहेर काढली होती. जत्रा जवळ आली की सराव असतो. पोरं मागच्या दांड्याशी हसतखिदळत होती, आणि विलास पुढे एकटाच उजव्या खांद्यावर टॉवेल ठेवून बघत होता. टॉवेल सारखा घसरत होता. कान्हाला बघून तो ओशाळल्यासारखा झाला.

"झाला तुजा इंटरव्ह्यू?"

"झाला."

"पास?"

"हाव."

"मंग आता कवा निघायचा?"

कान्हा पायरीवर बसला. चपला काढून बाजूला ठेवल्या.

"त्या गावाचं नाव कसा पडलाय ठावं हाय का तुला?" तो म्हणाला. "रविवारी एक जन बोटीतून समोरनं गेला. उतरला नाय. नाव ठेवलान आन फुडं गेला."

"असा कसा? गाववाल्यांनी ऐकून घेतला?"

"त्यांना इचारला कोनी?"

विलास टॉवेल हातात घेऊन उभा राहिला. कान्हा उठला, त्याने तो टॉवेल त्याच्याकडून घेतला, लांबट घडी घातली, एक टोक आत दुमडलं आणि विलासच्या उजव्या खांद्यावर मानेलगत ठेवून दाबलं.

"असा ठेव. म्हंजे वलनावर सुटत नाय. आन वलनाला मान खाली घालू नको, देवी बघती."

विलासने मान हलवून पाहिली. टॉवेल हलला नाही.

"मागं मानूस कमी हाय का?" कान्हाने विचारलं.

"मागं?" विलास दचकला. "तू मागं? आरं, पन तू तर चाललास ना?"

 सदऱ्याचं वरचं बटण काढत कान्हा पालखीच्या मागच्या बाजूला गेला. पोरं बाजूला सरकली. विलास त्याच्याकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या ध्यानात काय यायचं ते आलं.  तो नुसतं म्हणाला,

"मागं डाव्या बाजूचीच जागा हाय, कान्हा. डावा खांदा लागल."

"लागू दे," कान्हा म्हणाला आणि दांड्याखाली वाकला. "डावा अजून कोरा हाय."