बेचाळीस उघडी पानं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वभावानं भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही हसलात तरी मला वाईट वाटणार नाही. कारखान्यात माझी जुळणी झाली तेव्हा तपासणीसाठी मला सलग दोन दिवस चालू ठेवलं होतं. माझ्या शेजारच्या दोघांच्या अंगातून धूर निघाला. मी पास झालो, पण तेव्हापासून जरा खुट्ट झालं की माझा पंखा घरघरायला लागतो.

नऊ वर्षांपूर्वी मला एका छोट्या इस्पितळाच्या काउंटरवर आणलं. सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. रोज मऊ फडक्यानं पुसायचे. मग नव्याचे नऊ दिवस संपले. डोक्यावर फायली चढल्या, जाळीत धूळ बसली आणि कळफलकावर दोनदा चहा सांडला. "आता नवा घ्यायला हवा," असं कोणी म्हटलं की माझा पंखा सुरू व्हायचा. काउंटरवरची ताई मात्र मला कधी टाकून बोलली नाही.

तिला एकच खोड होती. उघडलेलं पान ती बंद करत नसे. "बंद केलं आणि परत उघडलंच नाही तर?" असं म्हणायची. तीही माझ्यासारखीच भित्री. त्यामुळे माझ्या ब्राउझरमध्ये बेचाळीस पानं एका ओळीत दाटीवाटीनं उभी असायची. त्यांतली शहरातल्या मोठ्या रुग्णालयाच्या नोंदींची पानं वाढत वाढत आता नऊ झाली होती. ती पानं दर मिनिटाला आपोआप ताजी व्हायची. म्हणजे मीच तिकडच्या यंत्राला दर मिनिटाला नऊ वेळा विचारायचो, काही नवीन आहे का. हे आपलं कामच आहे, असं मी समजत होतो.

एका दुपारी एका वायरमनला आणलं. शिडीवरून पडून त्याच्या कोपराचं हाड मोडलं होतं, बोटं पांढरी पडत चालली होती आणि तो शुद्धीत नव्हता. बरोबर त्याची बायको होती. ती बसस्थानकात तिकीट खिडकीवर काम करायची, त्याच गणवेशात धावत आली होती. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "यांना कुठल्या औषधाचा त्रास आहे का?"

"आहे. मागच्या ऑपरेशनला एका इंजेक्शननं श्वासच थांबला होता. नाव आठवत नाही हो. मोठ्या रुग्णालयात सगळं लिहिलेलं आहे."

"नाव कळल्याशिवाय मी सुई लावणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हाताला रक्त पोहोचत नाहीये. फार तर अर्धा तास थांबता येईल. पुढे अंदाजानंच औषध निवडावं लागेल."

तिकडचा फोन कोणी उचलेना. नोंदींची ती साइट नोंद केलेल्या संगणकांनाच आत घ्यायची, मोबाइलला नाही. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर. ताईनं वायरमनचं नाव टाकलं आणि माझ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, 'प्रवेश नाकारला आहे'.

ताईनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग तिनं तेच बटण दहा-बारा वेळा दाबलं. पासवर्ड पुन्हा घातला. एक्स-रेवाला दादा आला, त्यानं कुकीज आणि साठलेली जुनी माहिती पुसून टाकली. काही फरक पडला नाही. रुग्णवाहिकेचे ड्रायव्हरमामा म्हणाले, "बंद करून चालू करा. माझी गाडीसुद्धा तशीच सुरू होते."

बंद होण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. या वयात पुन्हा जाग येईल याची खात्री कोण देणार? तरी मी मिटलो आणि कसाबसा उठलो. उठल्याबरोबर ताईच्या सोयीसाठी मी तिची बेचाळीस पानं जशीच्या तशी मांडून ठेवली आणि लाल अक्षरं परत आली. बारा मिनिटं गेली होती.

"सरका जरा," वायरमनची बायको म्हणाली. "खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय?"

"ते नेहमीचंच असतं," ताई म्हणाली.

"मीपण खिडकीवर रोज पाटी लावते. कोणी वाचत नाही आणि मग सगळे मलाच ओरडतात." तिनं वाकून मोठ्यानं वाचलं, "या संगणकाकडून फार वेळा मागणी होत आहे. दहा मिनिटं काहीही न मागता थांबा. मध्ये मागितल्यास दहा मिनिटं नव्यानं मोजली जातील."

ताईनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. सगळे थांबले. एक मिनिट गेलं. त्याच वेळी ओळीतली नऊ पानं एकापाठोपाठ फिरू लागली. वायरमनच्या बायकोचं लक्ष तिकडे गेलं.

"आपण तर हात लावलेला नाही. मग हे मागतंय कोण?"

मीच मागत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तिकडच्या यंत्राला दार लावून घ्यायला मीच भाग पाडलं होतं आणि तोंड नसल्यामुळे मला कबूलही करता येईना. माझा पंखा किंचाळू लागला.

"ताई, ही बंद करा."

"परत उघडली नाहीत तर?"

"आत्तासुद्धा कुठे उघडतायत?"

ताईनं ती नऊ पानं एकेक करून मिटली. मग दहा मिनिटं कोणी काही केलं नाही. आतून निरोप आला, बोटं निळी पडतायत. ड्रायव्हरमामांचा हात एकदा पुढे आला, तेव्हा वायरमनच्या बायकोनं कळफलकच उचलून मांडीवर घेतला. तिचे गुडघे हलत होते, त्यामुळे कळा खुळखुळत होत्या. मला वाटलं, एखादी चुकून दाबली गेली तर मी मेलो, आणि तो माणूसही.

दहा मिनिटं झाली. ताईनं लाल अक्षरांच्या पानावर एकदाच दाबलं आणि नोंद उघडली. तिनं औषधाचं नाव मोठ्यानं वाचलं तशा आत निघालेल्या डॉक्टरबाई दारातच थबकल्या. त्यांच्या हातातल्या ट्रेमध्ये भरलेली सुई होती. त्यांनी ती उचलली, माझ्याशेजारच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "अंदाजानं हेच देणार होते."

दुसरं औषध देऊन ऑपरेशन झालं. हात वाचला, माणूसही वाचला. ताई आता रोज घरी जाताना सगळी पानं मिटते.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, काम झालेली पानं मिटत जा. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कितीही भीती वाटली तरी मला ओरडता येत नाही, कोणाचा हात धरता येत नाही. मला फक्त लिहून दाखवता येतं. तेवढं वाचत जा.