शिंप्याच्या दुकानातलं अंगुस्तान

"तुझा चमचा सापडला," तपासनीस म्हणाला.

तिने अजून पायांतल्या चपला काढल्या नव्हत्या. खांद्याला पिशवी, पिशवीत लेकीने बळेच दिलेला डबा, अंगावर प्रवासाची धूळ, आणि दारातच हे.

"कुठला चमचा?"

"कुंपणातला. त्या शेताच्या चित्रातला. बाईसाहेबांना जन्मात दिसला नसता. फळ्यांमध्ये उभा केलाय, तू फळी समजून सोडून दिलास."

टेबलावर तिची चित्रांत लपलेल्या वस्तू शोधायची पुस्तकं एकावर एक रचलेली होती. वर लाल पेन. पेनाशेजारी तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा. नोकरी संपली त्या दिवशी परत करायला हवा होता आणि तिच्या या तिकीट-तपासनीस नवऱ्याने केला नव्हता, तोच.

तिने वरचं पुस्तक उघडलं. कुंपणावर लाल गोल होता. एकदा काढून समाधान झालं नाही म्हणून त्याच रेघेवरून पुन्हा फिरवलेला. पानाच्या कोपऱ्यात नेटकं भोक. म्हणजे तपासलं, पुढे चला.

तिने पान उलटलं. बंदरातल्या चित्रात शिडाच्या दोरखंडाशी लाल गोल. आणखी पान. फुलबाजारात, फुलवालीच्या वेणीत, लाल गोल.

"एक वस्तू सोडली तर सगळी पुरी केली," तो म्हणाला. "प्रत्येक पानावर तुझं एक राहिलेलंच. एक पान धड नाही. म्हटलं, ही लेकीकडून येईपर्यंत करून टाकू."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला लागतं? अर्धवट काम दिसलं की माझा हात शिवशिवतो."

"काम नव्हतं ते."

"तेच म्हणतोय मी. पोरांची पुस्तकं. वर छापलंय, मोठ्यांसाठी. मोठ्यांसाठी म्हणे."

तिने चपला काढल्या, एकीला एक लावून भिंतीशी ठेवल्या. मग आत गेली आणि नळ सोडून नुसतीच उभी राहिली.

बसआगारात विसरलेल्या वस्तूंची एक खिडकी होती. त्या खिडकीमागे तिचं तारुण्य गेलं आणि केस पिकले. मागे फळ्या, फळ्यांवर छत्र्या, डबे, लहान मुलाचा एकच बूट, चष्मे, एकदा तर कुणाची कवळी. लोक यायचे, डोळ्यांत पाणी आणून वस्तूचं वर्णन करायचे, आणि वस्तू हातात पडली की मागे न बघता चालू लागायचे. ती तोंडातल्या तोंडात गुणगुणायची. फडक्याने धूळ पुसताना, नोंद करताना, आपणच जुळवलेलं:

हरवलं ते सापडे, सापडलं ते जाई,
फळीवरल्या छत्रीला धनी कुणी नाही.

एखाद्या संध्याकाळी फळ्या अगदी रिकाम्या व्हायच्या. साहेब म्हणायचा, वा, काम चोख. तिला मात्र खोलीत जीव नाही असं वाटायचं. फळीवर निदान एक हातमोजा असला तरी खोली कुणाची तरी वाट बघत असते. सगळं गेलं की नुसत्या भिंती उरतात.

तपासनीस त्याच आगारातला. गाड्यांत सापडलेल्या वस्तू तिच्या खिडकीत आणून द्यायचा. पहिल्यांदा आला तो मात्र मागायला आला होता, स्वतःची छत्री. ती त्याने मुद्दाम विसरली होती, हे तिला तेव्हाच कळलं होतं आणि ती हसली होती. आता कधी आठवलं तर वाटतं, मला बघायला कुठला आलाय, खिडकीचं काम नीट चालतं का ते तपासायला आला असणार.

आगारातल्या पेपरवाल्याकडे ती पुस्तकं मिळायची. पानभर चित्र, चित्रात गर्दी, आणि खाली यादी: कंगवा, किल्ली, मेणबत्ती, सुई. चित्रकार मोठा लबाड. कंगवा शिडीच्या पायऱ्यांत मिसळून टाकायचा. किल्ली वेलीच्या तणाव्यात गुंतवायचा. मेणबत्ती देवडीच्या खांबांत खांब होऊन उभी. लोकांना वाटतं, डोळे ताणून शोधायचं असतं. ताणलं की चित्र दार लावून घेतं. नजर सैल सोडायची, पाण्यात पाय सोडतात तशी. शिंप्याच्या दुकानात शिरायचं, कापडांच्या ठाणांवरून हात फिरवायचा, कोपऱ्यातल्या मांजराला ओलांडायचं, कुठे जायचंय ते ठरवायचं नाही. मग केव्हातरी पडद्याची चुणी चुणी राहत नाही, बगळा होते. मघापासून तो तिथेच होता, आपल्याकडेच बघत होता. त्या क्षणी छातीत काहीतरी टुणकन उडायचं. एवढ्याशा गोष्टीत एवढं सुख असतं हे ती कुणाला सांगायला गेली नाही.

बगळा सापडला की ती यादीत त्याच्यापुढे पेन्सिलचं बारीक टिंब द्यायची. चित्राला धक्का लावायची नाही. आणि प्रत्येक चित्रात एक वस्तू न शोधता ठेवायची. उरेल ती. ती कुठे असेल असा नुसता संशय आला, तरी नजर दुसरीकडे वळवायची आणि पुस्तक मिटायची. पेपरवाल्याने दुकान गुंडाळलं, पुस्तकं यायची थांबली, तेव्हा तिला या राहिलेल्या वस्तूंचा आधार वाटला. डोळे आहेत तोवर पुरतील. म्हातारपणाची शिदोरी.

ती त्याने तिच्या माघारी खाल्ली, आणि वर ढेकर दिला.

लेकीला फोनवर हे सांगताना तिचा आवाज चढला नाही.

"आई, सांग ना त्यांना, तू मुद्दाम ठेवलं होतंस म्हणून."

"सांगितलं तर हसतील."

"हसू देत."

"तुला नाही कळायचं. आणि मग जे राहिलंय तेही हुडकून काढतील, हसत हसत."

"राहिलंय का काही?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. "एक राहिलंय. शिंप्याच्या दुकानातलं अंगुस्तान. त्यांना नाही सापडलं अजून."

"मोबाईलवर घे ना आई. तिथे हजार चित्रं येतात असली."

"बघितली मी तुझ्याकडे. बोट लावलं की टिंग वाजतं आणि वस्तू चित्रातून नाहीशीच होते. ते काय खेळणं झालं? ती तर आमची खिडकी झाली."

एक अंगुस्तान. शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायचं टोपण, बोटाच्या टोकाएवढं. एवढ्यावर आता तिचं सगळं होतं, आणि त्याच्या मागे माणूस लागला होता.

सकाळचा चहा झाला की तपासनीस भिंग घेऊन बसायचा. ती भाजी चिरायला समोर बसायची, नाहीतर त्याला ते सापडलं की तिला कळलं नसतं.

"नसेल ते," ती म्हणाली. "छापायचं राहिलं असेल."

"यादीत आहे म्हणजे चित्रात आहे. फुकट्या गाडीत असतोच. आपण बाकाखाली वाकलो नाही, एवढंच."

"चाळीत नाही तुमच्यासारखं कोणी. त्यांना दुसरी कामं असतात."

"तुला दिसलं नाही म्हणून झोंबतंय."

"मला काय झोंबायचंय? घ्या ना, घाला घशात."

"बघ, बघ. डोळे बघ कसे झालेत. चित्रातल्या टोपणासाठी भांडतेय बाई."

हिसकावून घेता आलं असतं. एकदा तिने पुस्तक कपाटात साड्यांच्या खाली सारलंही होतं. त्याने ते काढलं, पुन्हा टेबलावर ठेवलं, आणि भिंग पुसत तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाकाखालचा फुकट्या तीच आहे. जास्त ओढलं असतं तर त्याला कळलं असतं आपण काय ओढतोय. ते त्याच्या हातात द्यायचं नव्हतं.

मग त्याने पट्टी आणली. शिंप्याच्या दुकानावर लाल पेनाने उभ्या रेघा मारल्या, आडव्या मारल्या. ठाणांवरून, मशीनवरून, मांजराच्या पाठीवरून. दुकानाला गज बसले.

"आता कुठे जातंय," तो म्हणाला. "एकेक चौकोन. तपासला की भोक."

पान दुमडत, चिमटा आत घालत, संध्याकाळपर्यंत वरच्या रांगा झाल्या. दुकानाचं छत चाळणी झालं. दुसऱ्या दिवशी तो गिऱ्हाइकांच्या डोक्यांपर्यंत आला. अंगुस्तान कुठे आहे हे तिला माहीत नव्हतं; माहीत नसणं हेच तर तिचं होतं. पण ते खालीच कुठेतरी असणार, आणि हा माणूस एकेक पायरी उतरत होता.

तपासनिसाचा एक रेडिओ होता. तो रोज सकाळी उघडायचा, पुसायचा, आतल्या चकत्या-तारा एका बशीत मांडून ठेवायचा, आणि संध्याकाळच्या बातम्यांपूर्वी पुन्हा जोडायचा. रेडिओला काही झालेलं नसायचं. तिने एकदा विचारलं होतं, कशाला रोज? तर म्हणाला होता, तुला नाही कळायचं.

त्या सकाळी तो आंघोळीला गेला. न्हाणीघरात पाणी पडायला लागलं. बशीत तारांच्या शेजारी चिमुकली स्प्रिंग होती. स्टेशनचा काटा ओढणारी दोरी जिच्यामुळे ताठ राहते ती. भाताच्या शितापेक्षा थोडीशी मोठी. तिने ती उचलली.

हे हात जन्मभर लोकांच्या वस्तू परत देत आले होते. छत्री ज्याची त्याला, डबा ज्याचा त्याला, कवळीसुद्धा. त्या हातांनी आज पहिल्यांदा एक वस्तू लपवली. फडताळात नाही, डब्यात नाही. तिला लपवायचं कसं ते ठाऊक होतं. एवढी वर्षं त्या लबाड चित्रकाराकडेच तर शिकत होती. ती स्टुलावर चढली. खिडकीचा पडदा ज्या लांब स्प्रिंगवर ओवलेला होता, तिचं टोक भिंतीतल्या हुकात अडकवलेलं होतं. त्याच हुकात तिने ही चिमुकली अडकवली. मोठीच्या शेपटाला धाकटी. खाली उतरून पाहिलं, आणि तिला स्वतःलाच दिसली नाही.

बातम्यांच्या वेळेला घरात पहिल्यांदा ओरडा झाला.

"स्प्रिंग कुठाय?"

"कसली?"

"बशीतली. तू झाडलंस इथे."

"मी रोजच झाडते."

"बघून झाडायला काय होतं? डोळे चित्रात घालवलेस सगळे."

"मग शोधा की तुम्ही. तुमचे आहेत ना चांगले."

तो शोधायला लागला. केर उपसला. कपाट पुढे ओढलं. गुडघ्यांवर बसला, विजेरी लावून टेबलाखाली सरपटला, सतरंजी झटकली, तिची पिशवी उलटी केली, तिच्या शिवणाच्या डब्यात बोटं घातली. ती बघत राहिली. काटा एकाच जागी पडून राहिला आणि रेडिओतून नुसती खरखर येत होती, तरी तो बंद करायचं त्याला सुचलं नाही. पुस्तक रेडिओच्या खोक्याखाली दबलं होतं. शिंप्याच्या दुकानातले खालचे चौकोन कोरेच होते.

दुसरा दिवसही तसाच गेला. बोलणं झालं ते टोचूनच. "मिळाली?" "तुझ्या तोंडात असेल." "बघा, आ करते." रेडिओवाल्याकडे नवीन मिळेल असं लेक फोनवर म्हणाली, तर तो म्हणाला, "नवीन कशाला? घरातच आहे ती. घरातली वस्तू घरातच असते." आणि हे म्हणताना त्याच्या आवाजात राग थोडा कमी होता, हे तिला आवडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो खुर्चीवर नुसता बसला होता. वाकून वाकून कंबर धरली होती. भिंग मांडीवर उपडं. नजर कुठेच नव्हती. फळीवरून भिंतीवर, भिंतीवरून खिडकीवर, सैल, पाण्यात पाय सोडावेत तशी. तिने ती नजर ओळखली. तांदूळ निवडता निवडता तिचा हात थांबला.

पश्चिमेचं ऊन त्याच्या तोंडावर आलं. तो पडदा ओढायला उठला. हा माणूस पडदा खस्सकन ओढायचा. त्या आवाजाने तिने आजवर किती वेळा दचकून मान वर केली असेल. त्याने हात वर नेला आणि तो तिथेच राहिला. हुकापाशी.

पाठ तिच्याकडे होती. तोंड दिसत नव्हतं. मानेवरची पांढरी लव उन्हात दिसत होती. त्याने स्टुलाकडे पाहिलं. ते त्या दिवसापासून खिडकीखालीच राहिलं होतं. मग पुन्हा वर पाहिलं.

आता तो वळेल, असं तिला वाटलं. तिने सूप घट्ट धरलं. काय काय बोलेल ते सगळं तिला पाठ होतं, आणि त्यावर आपण काय बोलायचं तेही.

तो वळला नाही. त्याने पडद्याची कड दोन बोटांत धरली आणि हळूहळू, वीतवीत, ओढत आणली. निजलेल्या पोरावर पांघरूण घालावं तशी. वरची स्प्रिंग जराही हलली नाही.

खोलीत सावली आली. तपासनीस खुर्चीत येऊन बसला. खोका बाजूला केला, खालचं पुस्तक काढलं, भोकं पडलेलं पान न उघडता त्याच्यावरची धूळ बाहीने पुसली, आणि टेबलावरून तिच्या बाजूला सरकवलं.

"नाहीच सापडत कुठे," तो म्हणाला.

"नसेल मग," ती म्हणाली, आणि तांदळातला खडा वेचून बाजूला ठेवला.